सूर्याच्या रेडिओलहरी आणि चुंबकीय क्षेत्र : अवकाशयानांच्या डेटाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी आणि हौशी अभ्यासक हा डेटा पहिल्यांदा उघडतात तेव्हा जे प्रश्न हमखास येतात, ते इथे घेतले आहेत. थोडे भौतिकशास्त्र येत असेल तर पुरे. जिथे आकडेमोड आहे तिथे ती स्वतः करून बघा. नुसती वाचली तर फारसे हाती लागणार नाही.

जमिनीवर एवढ्या मोठ्या रेडिओ दुर्बिणी असताना अवकाशयान कशाला?

आयनांबरामुळे, म्हणजे वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरामुळे. साधारण १० मेगाहर्ट्झच्या खालच्या लहरी पृथ्वीच्या आयनांबरातून खाली येतच नाहीत, वरच्या वर परततात. दुर्बीण कितीही मोठी करा, त्याने फरक पडत नाही. सूर्याजवळ घडलेल्या घटनेचा सुरुवातीचा भाग दहा-वीस मेगाहर्ट्झच्या वर असतो, तो जमिनीवरून छान दिसतो. पण तीच घटना सूर्यापासून दूर जाऊ लागली की तिची वारंवारिता घसरत जाते आणि आपल्या दृष्टीने ती मध्येच बंद पडते. पुढची सगळी गोष्ट आयनांबराच्या बाहेर जाऊनच ऐकावी लागते.

सूर्य रेडिओलहरी सोडतो हे मात्र जमिनीवरच कळले, तेही अपघाताने. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटिश लष्कराच्या रडारांत जबरदस्त गोंगाट सुरू झाला. शत्रू रडार जॅम करतो आहे अशी शंका होती. जेम्स स्टॅन्ली हे (Hey) यांनी दिशा तपासल्या आणि गोंगाट सूर्याकडून, एका मोठ्या सौरडागाच्या बाजूने येतो आहे हे दाखवून दिले.

वारंवारितेवरून सूर्यापासूनचे अंतर कसे कळते?

या विषयाची किल्ली हीच आहे, म्हणून थोडे थांबून.

प्लाझ्मातले, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूतले, इलेक्ट्रॉन जागचे हलवले की ते एका ठरावीक वारंवारितेने झुलतात. ती वारंवारिता फक्त इलेक्ट्रॉनांच्या घनतेवर अवलंबून असते. घन सेंटिमीटरमध्ये किती इलेक्ट्रॉन आहेत त्या संख्येचे वर्गमूळ काढा, ९ ने गुणा, उत्तर किलोहर्ट्झमध्ये मिळते. पृथ्वीजवळच्या सौरवाऱ्यात (सूर्यातून सतत बाहेर वाहणाऱ्या प्लाझ्मात) घन सेंटिमीटरला पाच-दहा इलेक्ट्रॉन असतात, म्हणजे २० ते ३० किलोहर्ट्झ. करोनाच्या, म्हणजे सूर्याच्या बाह्य वातावरणाच्या, तळाशी ही घनता १० कोटींच्या घरात जाते, तिथे ९० मेगाहर्ट्झ.

सूर्यावरून सुटलेला इलेक्ट्रॉनांचा झोत किंवा धक्कालहर वाटेतल्या प्लाझ्माला छेडत जाते. जिथे पोहोचली तिथल्या घनतेनुसार, मूळ वारंवारितेला किंवा तिच्या दुपटीला, रेडिओलहरी निघतात. बाहेर जावे तसा प्लाझ्मा विरळ, म्हणून स्वर उतरत जातो. वारंवारिता कळली की घनता कळते, आणि घनता कोणत्या अंतरावर किती असते याचे मॉडेल हातात असेल तर अंतरही कळते.

मॉडेल हा शब्द डोळ्यांआड करू नका. न्यूकर्क यांचे १९६१ चे मॉडेल वापरले तर एक अंतर येते, लेब्लाँ आणि सहकाऱ्यांचे १९९८ चे वापरले तर दुसरे. हे दुसरे मॉडेल तर नासाच्या विंड यानाने टिपलेल्या रेडिओ स्फोटांवरूनच बांधले आहे. एखाद्या लेखात ‘स्फोट ३ सौरत्रिज्यांवर होता’ असे वाचले की मॉडेल कोणते, हा पहिला प्रश्न विचारायचा.

टाइप २, टाइप ३ हे काय प्रकरण आहे?

ऑस्ट्रेलियात पॉल वाइल्ड आणि लिंडसे मॅक्क्रेडी यांनी १९५० मध्ये सौर रेडिओ स्फोटांचे तीन प्रकार पाडले. चौथा आणि पाचवा नंतर जोडला गेला. अवकाशयानांच्या डेटात मुख्यतः दोघांशीच गाठ पडते.

टाइप ३ म्हणजे प्रकाशवेगाच्या साधारण दहा ते तीस टक्के वेगाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा झोत. टाइप २ म्हणजे धक्कालहर, जी बहुधा सीएमईच्या, म्हणजे सूर्याने उधळलेल्या प्लाझ्माच्या प्रचंड ढगाच्या पुढ्यात चालत असते. फरक वेगाचा. १० मेगाहर्ट्झपासून १ मेगाहर्ट्झपर्यंत उतरायचे म्हणजे ढोबळमानाने चार-सव्वाचार सौरत्रिज्या, म्हणजे ३० लाख किलोमीटर जायचे. प्रकाशाच्या एक-पंचमांश वेगाचा झोत ते ५० सेकंदांत कापतो. सेकंदाला १,००० किलोमीटर चालणाऱ्या धक्कालहरीला ५० मिनिटे लागतात. आलेखात पहिला जवळजवळ उभ्या रेघेसारखा दिसतो, दुसरा तिरका, तुटक आणि फिकट.

तो रंगीत आलेख वाचायचा कसा?

त्याला गतिमान वर्णपट म्हणतात. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर वारंवारिता, रंग म्हणजे तीव्रता. विंडवरच्या वेव्हज उपकरणाचा एक दिवस समोर घेऊ. त्याचे दोन रिसीव्हर आपल्या कामाचे आहेत: एक २० ते १,०४० किलोहर्ट्झ, दुसरा १.०७५ ते १३.८२५ मेगाहर्ट्झ. दोन्ही आलेख एकमेकांना चिकटवले की १ मेगाहर्ट्झजवळ एक बारीक फट किंवा तीव्रतेतला टप्पा दिसतो. तो सूर्याचा नाही, दोन रिसीव्हरांच्या सांध्याचा आहे.

तळाशी, २० ते ३० किलोहर्ट्झच्या आसपास, एक बारीक रेघ दिवसभर वरखाली होत असते. ती यानाभोवतीच्याच प्लाझ्माची वारंवारिता. तिच्यावरून यानाच्या जागची घनता थेट निघते. ही पद्धत इतकी भरवशाची आहे की कणमोजणी करणारी उपकरणे तिच्याशी ताडून पाहिली जातात.

वरून खाली येताना रुंद होत जाणाऱ्या पट्ट्या म्हणजे टाइप ३. त्या खालच्या टोकाला वाकतात आणि लांबतात, कारण तिथे घनता हळू बदलते आणि लहरी वाटेत विखुरतात. टाइप २ शोधायचा तर नजर तयार व्हावी लागते. टाइप ३ च्या झुंडीनंतर दहा-वीस मिनिटांनी सुरू होणारा, ठिपक्या-ठिपक्यांचा फिकट पट्टा शोधा. उभा अक्ष वारंवारितेचा न ठेवता १ भागिले वारंवारिता असा घेतला तर काम सोपे होते: सौरवाऱ्यात घनता अंतराच्या वर्गाने घटते, त्यामुळे एकसमान वेगाची धक्कालहर या आलेखात सरळ रेषा होते आणि तिच्या उतारावरून वेग निघतो.

सूर्याचे चुंबकीय क्षेत्र यानातून मोजतात तरी कसे? तिथे तर मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र जागेवर मोजणारे उपकरण) नाही.

पृष्ठभागावरचे क्षेत्र प्रकाशातून मोजतात. चुंबकीय क्षेत्रात अणूच्या वर्णरेषा फाटतात, हा १८९६ मध्ये सापडलेला झीमन परिणाम. जॉर्ज हेल यांनी १९०८ मध्ये माउंट विल्सनवरून तो सौरडागांत पाहिला आणि सूर्यावर हजारो गॉसची (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) क्षेत्रे असतात हे सिद्ध झाले.

२०१० मध्ये सुटलेल्या एसडीओ यानावरचे एचएमआय हे उपकरण हेच काम दिवसरात्र करते. लोहाच्या ६१७३ अँगस्ट्रॉमच्या रेषेभोवती सहा ठिकाणी, वेगवेगळ्या ध्रुवीकरणात, ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेलच्या प्रतिमा घेतल्या जातात. त्यातून दर ४५ सेकंदांनी दृष्टिरेषेतल्या क्षेत्राचा नकाशा तयार होतो आणि दर १२ मिनिटांनी पूर्ण सदिश क्षेत्राचा. नकाशात पांढरे म्हणजे आपल्याकडे येणारे क्षेत्र, काळे म्हणजे दूर जाणारे.

हे मोजमाप किती नाजूक आहे ते पाहा. १,००० गॉसच्या क्षेत्रात ही रेषा मध्यापासून जेमतेम ०.०४ अँगस्ट्रॉम सरकते. एसडीओ स्वतः पृथ्वीभोवती फिरताना सूर्याच्या दिशेने कधी सेकंदाला ३ किलोमीटर पुढे, कधी तेवढेच मागे जाते. त्या वेगाने डॉप्लर परिणामामुळे रेषा ०.०६ अँगस्ट्रॉमने हलते! हा परिणाम हिशेबात धरून काढून टाकतात, तरी १२ आणि २४ तासांची बारीक लय डेटात उरतेच. एचएमआयच्या डेटात कोणाला २४ तासांचे ‘सौर दोलन’ सापडले तर आधी यानाची कक्षा आठवावी.

मग करोनातले क्षेत्र? तेही असेच मोजता येते ना?

नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. करोना तापलेला असल्याने त्याच्या वर्णरेषा रुंद, क्षेत्र दुबळे आणि मागे झगझगीत सूर्य. जमिनीवरून अवरक्त रेषांच्या साहाय्याने कडेच्या करोनाचे काही नकाशे अलीकडच्या वर्षांत मिळाले आहेत, पण पृष्ठभागासारखी रोजची, पूर्ण मोजणी नाही. त्यामुळे सर्रास काय केले जाते, तर पृष्ठभागावरचे क्षेत्र घेऊन गणिताने वर वाढवतात. सर्वात सोप्या पद्धतीत असे धरतात की मधल्या जागेत विद्युतप्रवाह नाहीत आणि अडीच सौरत्रिज्यांवर सगळ्या रेषा सरळ बाहेर वळतात. अडीचच का? तेवढे धरले की उत्तर पृथ्वीजवळच्या मोजमापांशी बऱ्यापैकी जुळते, म्हणून. १९६९ पासून हा आकडा चालत आला आहे. टीव्हीवर सूर्याभोवती सुंदर वेटोळी दिसतात ती बहुतेक वेळा या गणिताची असतात.

रेडिओ डेटाचे महत्त्व इथे कळते. या मधल्या पट्ट्याबद्दल स्वतंत्र साक्ष देणारी जी थोडी साधने आहेत त्यांत तो आहे.

रेडिओ स्फोटावरून गॉसमध्ये आकडा निघतो?

निघतो. कधीकधी टाइप २ चा पट्टा लांबीने दुभंगलेला दिसतो. त्याचा एक अर्थ असा लावतात की खालचा उपपट्टा धक्कालहरीच्या पुढच्या प्लाझ्मातून येतो आणि वरचा मागच्या, दाबल्या गेलेल्या प्लाझ्मातून. समजा खालचा १० मेगाहर्ट्झवर आहे, वरचा १२.५ वर. गुणोत्तर १.२५, त्याचा वर्ग १.५६, म्हणजे घनता १.५६ पट झाली. एवढ्या दाबासाठी धक्कालहरीचा वेग स्थानिक अल्फ्व्हेन वेगाच्या, म्हणजे चुंबकीय लहरींच्या वेगाच्या, सुमारे १.४५ पट लागतो (क्षेत्र धक्कालहरीच्या दिशेला काटकोनात धरले तर). करोनाग्राफमधून, म्हणजे सूर्याची तबकडी झाकून करोना टिपणाऱ्या दुर्बिणीतून, धक्कालहरीचा वेग सेकंदाला १,००० किलोमीटर मिळाला असेल तर अल्फ्व्हेन वेग झाला ६९० किलोमीटर. त्याला प्लाझ्माच्या १० मेगाहर्ट्झने आणि ०.००००५१ ने गुणा. उत्तर सुमारे ०.३५ गॉस. सूर्यकेंद्रापासून दोन सौरत्रिज्यांच्या आसपास एवढेच अपेक्षित आहे.

आता हाच पट्टा मूळ वारंवारितेचा नसून दुपटीचा होता असे निघाले तर प्लाझ्माची वारंवारिता ५ मेगाहर्ट्झ होते आणि क्षेत्र निम्मे, ०.१८ गॉस. आलेखात दोन्ही पट्टे, मूळ आणि दुपटीचा, दिसत असतील तर वाद मिटतो. एकच दिसत असेल तर लेखकाने काय धरले ते त्याने लिहायलाच हवे. बरेचदा लिहिलेले नसते.

फॅराडे परिभ्रमण हा काय प्रकार?

इथे सूर्याचे नव्हे, यानाचेच सिग्नल वापरतात. पृथ्वीवरून पाहताना यान सूर्याच्या मागे जाऊ लागले की त्याचा रेडिओ सिग्नल करोनातून येतो आणि त्याच्या ध्रुवीकरणाचे प्रतल वळते. किती वळेल हे वाटेतली घनता आणि दृष्टिरेषेतले क्षेत्र यांच्या गुणाकाराच्या एकूण बेरजेवर, तसेच तरंगलांबीच्या वर्गावर ठरते. म्हणून १३ सेंटिमीटरची लहर ३.६ सेंटिमीटरच्या लहरीपेक्षा सुमारे १३ पट जास्त वळते. पायोनियर ६ वर १९६८ मध्ये आणि पुढे हेलिओस यानांवर हे यशस्वीपणे केले गेले. त्रुटी उघड आहे: मिळते ती संपूर्ण वाटेची बेरीज, एका जागेचे क्षेत्र नव्हे; आणि वाटेत क्षेत्राची दिशा उलटली असेल तर बेरजेत दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात.

स्फोटांवरून चुंबकीय रेषांचा मार्ग आखता येतो असे ऐकले. खरे आहे?

हो. वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषा सोडून जात नाहीत, त्यामुळे टाइप ३ चा माग म्हणजे रेषेचाच माग. स्वतःभोवती फिरणाऱ्या यानाच्या अँटेनाला सिग्नल तीव्र-मंद होताना जाणवतो, त्यातून दिशा निघते. विंड तीन सेकंदांत एक गिरकी घेते. दोन यानांच्या दिशा जिथे छेदतात तिथे उगम. प्रत्येक वारंवारितेला हे करत गेले की बिंदूंची माळ तयार होते, आणि ती यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये गणिताने मांडलेल्या सर्पिलासारखी वळलेली दिसते. युलिसिस आणि विंड यांच्या जोडीने हे केले; नंतर स्टिरिओची दोन याने आली. त्यातल्या स्टिरिओ-बीशी संपर्क ऑक्टोबर २०१४ मध्ये तुटला आणि एक उत्तम कोन हातचा गेला.

उगमाची जागा मात्र फार घट्ट धरू नका. लहरी विखुरल्या जाऊन उगम मोठा आणि सरकलेला दिसतो.

मॅग्नेटोमीटर लांब दांड्यावर का बसवतात?

यानाच्या स्वतःच्या वायरिंगचे आणि मोटारींचे क्षेत्र टाळायला. पृथ्वीजवळ सौरवाऱ्यातले क्षेत्र ५ नॅनोटेस्लाच्या आसपास असते, आणि १ गॉस म्हणजे १ लाख नॅनोटेस्ला. इस्रोच्या आदित्य-एल१ यानावर ६ मीटरच्या दांड्यावर दोन संवेदक आहेत, एक टोकाला आणि एक मधोमध. यानाचे क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने घटते, सौरवाऱ्याचे दोन्हीकडे सारखेच असते. दोन्ही वाचनांतल्या फरकावरून यानाचा वाटा वजा करता येतो.

आदित्य-एल१ वर रेडिओ उपकरण आहे का?

नाही. चुंबकीय क्षेत्र, कण, अतिनील आणि क्ष-किरण आहेत, रेडिओ स्पेक्ट्रोमीटर नाही. विंडही त्याच, पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधल्या एल१ बिंदूभोवती आहे, तेव्हा दोघांचा डेटा जोडून काम भागते.

पार्कर आणि सोलर ऑर्बिटर यांनी नेमके काय बदलले?

पार्कर सोलर प्रोबने २८ एप्रिल २०२१ रोजी, १८.८ सौरत्रिज्यांवर, ती सीमा ओलांडली जिच्या आत चुंबकीय क्षेत्राची हुकमत सौरवाऱ्याच्या वेगापेक्षा जास्त असते. २४ डिसेंबर २०२४ ला ते पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरवर पोहोचले. ज्या भागाबद्दल फक्त गणित होते तिथे आता मॅग्नेटोमीटर जाऊन आला. सर्वात चर्चेत राहिलेला शोध म्हणजे क्षेत्राच्या दिशेतले अचानक, थोडा वेळ टिकणारे उलटे वळण, ज्याला स्विचबॅक म्हणतात. ती पूर्वी हेलिओस आणि युलिसिसच्या डेटातही दिसली होती, पण सूर्याजवळ ती पावलोपावली आहेत. ती तयार कुठे होतात, पृष्ठभागाजवळ की वाटेतल्या सौरवाऱ्यातच, यावर अजून एकमत नाही.

सोलर ऑर्बिटरचे वेगळेपण असे की त्यावर मॅग्नेटोग्राफ, म्हणजे एचएमआयसारखे प्रकाशातून क्षेत्र मोजणारे उपकरण, आहे आणि ते पृथ्वी-सूर्य रेषेपासून दूर जाते. सदिश क्षेत्र मोजताना दृष्टिरेषेला आडव्या घटकाची दिशा १८० अंशांनी संदिग्ध राहते: रेषा कळते, बाण कळत नाही. दुसऱ्या कोनातून पाहिले की बाण ठरवता येतो. मार्च २०२५ मध्ये सूर्याच्या विषुववृत्तापासून १७ अंश कलून त्याने दक्षिण ध्रुव पाहिला आणि तिथे दोन्ही प्रकारची (उत्तर आणि दक्षिण) चुंबकीय ध्रुवता मिसळलेली आढळली, सौरचक्राच्या कमाल काळात शोभेल अशीच.

हे आवाज ऐकता येतात का?

रेडिओलहरी आवाज नव्हेत. वारंवारिता कमी करून त्यांचे ध्वनीत रूपांतर करतात, ते ऐकायला मजेशीर असते. अभ्यासाला वर्णपटच बरा.

डेटा मिळवायला पैसे किंवा परवानगी लागते?

नाही. विंड, स्टिरिओ आणि पार्करचा डेटा नासाच्या सीडीएवेबवर, एचएमआयचा स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेएसओसीवर, सोलर ऑर्बिटरचा युरोपीय अवकाश संस्थेच्या संग्रहात, आदित्यचा इस्रोच्या प्रदान पोर्टलवर. प्रतिमा फिट्स प्रकारात, कालमालिका सीडीएफमध्ये. पायथॉन येत असेल तर सनपाय आणि पायस्पेडास या मोफत लायब्ररी दोन्ही प्रकार उघडतात. डाउनलोडआधी सोबतचे दर्जादर्शक रकाने वाचा. यान वळवताना नोंदलेली मिनिटे तिथे खूण करून ठेवलेली असतात.

नवख्यांचे कुठे चुकते?

वेळेत. यानाचे घड्याळ लहर यानापर्यंत पोहोचल्याची वेळ सांगते. सूर्यावरून एल१ पर्यंत यायला जवळजवळ सव्वाआठ मिनिटे लागतात, सूर्याजवळच्या पार्करला अर्धा मिनिटही नाही. सगळ्या वेळा आधी सूर्यावर नेऊन ठेवा, मग तुलना करा. निर्देशांक प्रणालींचाही घोळ होतो: एका फाइलमध्ये क्षेत्र त्रिज्येच्या दिशेने बाहेर धन मानलेले असते, दुसरीत सूर्याकडे धन. चिन्ह उलटले की सौरवाऱ्यातले क्षेत्र बाहेर जाणारे की आत येणारे हेच उलटते.

आणखी एक, कमी बोलली जाणारी गोष्ट. विंडचा १०० मीटर टोकाटोकाचा अँटेना ऑगस्ट २००० मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २००२ मध्ये तुटून आखूड झाला. त्याआधीच्या आणि नंतरच्या तीव्रता थेट शेजारी मांडता येत नाहीत.

सराव कोणत्या दिवसावर करावा?

२८ ऑक्टोबर २०२१. १२८८७ क्रमांकाच्या सक्रिय क्षेत्रातून एक्स१ वर्गाची सौरज्वाला उठली, तिचा कळस जागतिक वेळेनुसार १५:३५ ला. टाइप ३ ची झुंड आणि टाइप २ दोन्ही आहेत. स्टिरिओ-ए तेव्हा पृथ्वीपासून ३७ अंशांच्या आसपास बाजूला होते, त्यामुळे दोन कोन मिळतात. एचएमआयचा १५:०० चा नकाशा घ्या, त्यावरून अडीच सौरत्रिज्यांपर्यंतचे क्षेत्र काढा आणि सक्रिय क्षेत्राजवळ उघड्या रेषा, म्हणजे परत न वळता बाहेर जाणाऱ्या चुंबकीय रेषा, कुठे आहेत ते खूण करा. मग विंडचा १५:०० ते १८:०० चा वर्णपट मांडा आणि टाइप ३ च्या दिशा त्या उघड्या रेषांशी जुळतात का ते पाहा. जुळल्या नाहीत तर आधी अडीचच्या जागी दोन घालून पाहा.